शिवण न येणारी शिंपीण

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात गावात शिंप्याइतका मोठा माणूस दुसरा नसतो. एरवी "या ताई, बसा ताई" म्हणणारा हा गृहस्थ त्या आठवड्यात मान वर करूनसुद्धा आपल्याकडे पाहत नाही. तोंडात टाचण्या धरून तो "उद्या संध्याकाळी" एवढेच पुटपुटतो, आणि त्याच्या उद्याची संध्याकाळ भाऊबीज उलटल्यावर उगवते. या एका विषयावर मी आजवर निदान चार दिवाळी अंकांत अश्रू ढाळले आहेत. तेव्हा वाचकहो, घाबरू नका. यंदा ते रडगाणे नाही. यंदा गोष्ट सांगायची आहे ती एका शिंपिणीचीच, पण त्या बाईला धड शिवता येत नव्हते.

मात्र तिच्याआधी माझ्या थोरल्या बहिणीचे गाऱ्हाणे सांगायला हवे. ते नसते तर या शिंपिणीची आणि माझी गाठ पडलीच नसती.

२०२२ च्या दसऱ्यानंतरची गोष्ट. दुपारी ताईचा पुण्याहून फोन आला. "अगं, बेबीने मंगळसूत्राचे कानातले केले!" एवढेच बोलून ती रडायला लागली. बेबी म्हणजे तिची मुलगी, माझी भाची. वय वर्षे सदतीस, पण आमच्या घरी एकदा बेबी म्हटले की ती पेन्शनीत निघेपर्यंत बेबीच. नवऱ्याच्या नोकरीपायी ती पॅरिसला गेली, तिथे स्वतःही नोकरीला लागली, एक मुलगी झाली, आणि मग कुणालाही फारसे काही न सांगता नवरा आपल्या वाटेने निघून गेला. त्यालाही दीड वर्ष होऊन गेले होते. ताईला वाटे, आता तिने मुलीला घेऊन सरळ घरी यावे. बेबी हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती. आणि आता हे कानातल्यांचे प्रकरण. तिने आईला फोटो पाठवला होता. काळे मणी, मध्ये एकेक सोन्याची वाटी. दोन वाट्या, दोन कान. हिशेब अगदी बरोबर!

आपल्याकडे मंगळसूत्र तुटले असेसुद्धा म्हणत नाहीत, वाढवले म्हणतात. तिथे ही मुलगी पक्कड घेऊन बसते आणि त्याचे डूल करते, म्हणजे ताईचे काय झाले असेल ते आमच्या वयाच्या वाचक भगिनींना सांगायला नको.

"तू जा," ताई म्हणाली. "ती तुझे ऐकते. तुळशीच्या लग्नाच्या आत तिला घेऊन ये."

तर अशी मी वकिली पत्करून पॅरिसला गेले. बरोबर भाजणीच्या चकल्या होत्या, अनारशांचा डबा होता, आणि ताईने मला तोंडपाठ करायला लावलेली सात-आठ वाक्ये होती. त्यांपैकी चकल्या तेवढ्या कामी आल्या. मी विषय काढला की बेबी डबा पुढे सरकवी आणि म्हणे, "मावशी, घे ना अजून एक." तिच्या जेवणाच्या टेबलाचा निम्मा भाग काचमण्यांच्या डब्यांनी, तारेच्या रिळांनी आणि बारीक पकडींनी भरलेला होता. आठवडाभर कचेरी, आणि रविवारी हे सगळे पेटीत भरून पेठेतल्या बाजारात एक हातभर जागा घेऊन बसायचे. चार दिवस असेच गेले. पाचव्या दिवशी पाऊस लागला. ती म्हणाली, "चल, तुला एक बाई दाखवते."

ती बाई म्हणजे एल्सा स्कियापारेली. लूव्हरच्याच वास्तूच्या एका बाजूला रिव्होली रस्त्यावर सजावटीच्या कलांचे एक संग्रहालय आहे. तिथे त्या वर्षी जुलैपासून तिच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले होते. नावातला पहिलाच शब्द, 'शॉकिंग'. मी ते पाहिले, नंतर तिचे चरित्र वाचले, आणि आता हे लिहिते आहे.

एल्साबाईंचा जन्म रोमचा, १० सप्टेंबर १८९० चा, आणि घर चांगले विद्वानांचे. वडील अरबी भाषेचे पंडित. नात्यातले एक गृहस्थ इजिप्तमधल्या राणी नेफर्तारीची कबर शोधून काढणारे. सख्खे काका जोव्हान्नी स्कियापारेली तर जगप्रसिद्ध ज्योतिषी, म्हणजे पत्रिका मांडणारे नव्हेत, दुर्बिणीतून पाहणारे. १८७७ साली त्यांनी मंगळावर रेघा पाहिल्या आणि त्यांना इटालियन भाषेत 'कानाली' म्हटले. त्याचा अर्थ साधे चर असाही होतो. पण जगाने त्याचे कालवे केले, मग ते कालवे खणणारे मंगळावरचे लोक आले, आणि पुढची कित्येक वर्षे त्या लोकांवर कादंबऱ्या निघाल्या. मंगळ एकदा मागे लागला की काय होते ते आपल्याला माहीत आहेच.

या काकांची एक गोष्ट मला फार आवडली. एल्साच्या डाव्या गालावर काही तीळ होते. आई सौंदर्याच्या बाबतीत काटेकोर. थोरली मुलगी देखणी आणि ही धाकटी सामान्य, असे ती मुलीच्या तोंडावर म्हणे. काकांनी त्या पोरीला मांडीवर घेऊन सांगितले, की हे डाग नव्हेत, हे तर सप्तर्षी आहेत! आकाशात जसे सात तारे मांडलेले असतात तसेच ते तुझ्या गालावर आहेत. पुढे मोठी झाल्यावर तिने हिऱ्यांची एक टाचणी करून घेतली आणि आयुष्यभर मिरवली. तिचा आकार सप्तर्षींचा होता.

पण काकांच्या गोड बोलण्याने आईचा शब्द काही पुसला गेला नाही. एके दिवशी या मुलीने माळ्याकडून फुलांचे बी मागून आणले आणि ते स्वतःच्या कानात, नाकात आणि तोंडात पेरले. तोंडभर फुले उगवली की आपण सगळ्यांहून सुंदर दिसू, हा हिशेब. फुले आली नाहीत, श्वास मात्र कोंडला आणि डॉक्टर बोलवावे लागले. हसू येते खरे, पण ज्या घरात दोन मुली आहेत आणि एकीचे रूप पाहुण्यांसमोर उजळून सांगितले जाते, त्या घरातल्या दुसरीला विचारा. ती बिया पेरत नसेल, पावडर लावत असेल.

विसाव्या-एकविसाव्या वर्षी तिने कवितांचे पुस्तक छापले. कविता अंमळ धीट होत्या. घरच्यांनी तिला स्वित्झर्लंडमधल्या एका मठात नेऊन टाकले, तिने अन्नत्याग केला, आणि घरच्यांना तिला परत आणावे लागले. मग लंडनमध्ये मुले सांभाळण्याचे काम मिळाले म्हणून ती निघाली. वाटेत पॅरिसला थांबली, तिथे एका नृत्यसमारंभाचे बोलावणे आले, आणि अंगावर घालायला काही नव्हते. तिने दुकानातून गडद निळे रेशमी कापड आणले, थोडे नारिंगी आणले, आणि ते सगळे अंगाभोवती लपेटून टाचण्यांनी जागोजाग पक्के केले. एक टाका घातला नाही. नाचता नाचता टाचण्या एकेक करून गळायला लागल्या आणि जोडीदाराने नाचतच तिला दाराबाहेर काढले म्हणून अब्रू राहिली. हे तिने स्वतःच लिहून ठेवले आहे. नऊवारी असती तर ही पाळी आली नसती, असे मी बेबीला म्हटले. न शिवता, टाचणीही न लावता दिवसभर विहिरीवर पाणी भरा, काही सुटत नाही.

लंडनमध्ये ती थिऑसफीवरच्या एका व्याख्यानाला गेली. वक्ता देखणा, बोलणारा, गूढ विद्येच्या गोष्टी सांगणारा. दुसऱ्या दिवशी दोघांचे ठरलेसुद्धा, आणि १९१४ साली लग्न झाले. बाकी काय सांगावे! भविष्य सांगण्याच्या धंद्यापायी इंग्लंडच्या सरकारने नवरोबांना देशाबाहेर काढले. १९१६ मध्ये दोघे न्यूयॉर्कला गेले. १९२० च्या जूनमध्ये मुलगी झाली, आणि त्याच सुमाराला नवरा तिला सोडून गेला. मुलीचे नाव लांबलचक होते, मारिया लुईसा इव्होन राधा. होय, राधा! प्रदर्शनातून परतताना बेबीने हे सांगितले तेव्हा मी रस्त्यातच थांबले. सगळे तिला गोगो म्हणत, पण कागदावर ती राधा. ही राधा दीड वर्षाची असताना तिच्या पायांतले बळ गेले. पोलिओ.

न्यूयॉर्कसारख्या शहरात पैसा नाही, नवरा नाही, कुठला धंदा शिकलेला नाही, पदरी अपंग लेकरू. १९२२ साली एका फ्रेंच मैत्रिणीच्या आधाराने ती पॅरिसला आली. रोमला माहेर होते. ती रोमला गेली नाही, पॅरिसलाच राहिली. मुलीवर उपचार करायचे, जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला बाजारातल्या वस्तू निवडून द्यायच्या, असे चालले होते. एकदा एका श्रीमंत मैत्रिणीबरोबर ती पॉल प्वारे या त्या काळच्या बड्या शिंप्याच्या दुकानात गेली आणि सहज एक झगझगीत कोट अंगावर चढवून पाहू लागली. प्वारे म्हणाला, घेत का नाहीस? ही म्हणाली, पैसे नाहीत, आणि असला कोट घालून मी जाऊ कुठे? त्याने तो तिला तसाच देऊन टाकला. मला या माणसाविषयी इतर काही माहीत नसते तरी चालले असते.

आता खरी गंमत. एकदा तिने एका अमेरिकन ओळखीच्या बाईच्या अंगात एक स्वेटर पाहिला. साधाच होता, पण इतर विणलेल्या कपड्यांसारखा ओघळत नव्हता, अंगावर घट्ट नीट बसत होता. चौकशी केली तेव्हा कळले, की एक आर्मेनियन बाई घरी विणते. १९१५ च्या कत्तलीनंतर देशोधडीला लागलेली ही आर्मेनियन कुटुंबे त्या वेळी पॅरिसमध्ये मोठ्या संख्येने आली होती. या बाईचे नाव अरूसियाग मिकाएलियन. एल्साने कागदावर एक मोठी पांढरी फीत काढली. गळ्याशी बांधलेली, अगदी लहान पोरीने काढावी तशी. तिला विचारले, काळ्या स्वेटरवर ही खरीच बांधल्यासारखी दिसेल अशी विणता येईल का? बाई म्हणाली, करून पाहते. पहिला स्वेटर वाकडा, दुसरा जरा बरा, तिसरा जमला.

ज्यांनी दोन रंगांचे विणकाम केले आहे त्यांना यातली मेख कळेल. काळ्या लोकरीमागून पांढरा धागा सतत खेळवत न्यायचा आणि जाता जाता मधूनमधून टाक्यात पकडायचा. पुढे काळ्यावर बारीक पांढरे ठिपके उमटतात आणि दोन धाग्यांमुळे कापड दुपदरी होऊन ताणत नाही. मी काचेला नाक लावून तो स्वेटर पाहिला. त्याच्यावर फीत नाही, गळपट्टा नाही, काही नाही, सपाट विणकाम आहे. पण चार हातांवरून पाहिले तर वाटते, आता ती गाठ सोडता येईल.

तो घालून ती एका मेजवानीला गेली. तिथल्या बाया तुटून पडल्या. अमेरिकेतल्या एका दुकानाच्या खरेदीदाराने जागच्या जागी चाळीस स्वेटर आणि चाळीस घागरे मागितले, दोन आठवड्यांत! हो म्हणून ती घरी आली आणि मग कपाळाला हात लावला, कारण विणणारी बाई एक. तेव्हा त्या बाईबरोबर पॅरिसच्या गल्लीबोळांतून हिंडून आणखी आर्मेनियन बायका गोळा केल्या, त्यांना बसवले, आणि माल वेळेवर पाठवला. ('उद्या संध्याकाळी' म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.) साल १९२७. एल्साबाई तेव्हा सदतिशीत होत्या.

हे वय मी बेबीकडे न पाहता वाचले. तिनेही माझ्याकडे पाहिले नाही.

पुढचे दिवस भरभराटीचे. १९३१ मध्ये तिला फ्रान्सचे नागरिकत्व मिळाले. त्याच वर्षी लिली द आल्वारेझ ही स्पॅनिश टेनिसपटू तिने बेतलेला दुभागलेला घागरा, म्हणजे खरे तर विजारच, घालून विंबल्डनवर उतरली आणि इंग्रज वर्तमानपत्रांना घाम फुटला. १९३४ च्या ऑगस्टमध्ये 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तिचे चित्र आले, आणि १९३५ मध्ये तिने व्हान्दोम चौकात, जवाहिऱ्यांच्या शेजारी, एकवीस क्रमांकाच्या हवेलीत दुकान थाटले. स्वतःविषयी छापून आलेली कात्रणे तिने कापडावर छापून घेतली आणि त्याच्या टोप्या शिवल्या. कोपनहेगनच्या बाजारात कोळणी वर्तमानपत्राच्या टोप्या घालून बसलेल्या तिने पाहिल्या होत्या, त्यावरून हे सुचले. आमच्यासारख्या सदर लिहिणाऱ्यांना या कापडाचा हेवा वाटतो. आमची कात्रणे भेळेच्या पुढे जात नाहीत.

त्याच १९३५ मध्ये तिने साडीवरून बेतलेले झगे केले. कपूरथळ्याच्या राजघराण्यातली सून सीतादेवी, जिला तिकडे प्रिन्सेस करम म्हणत, त्या काळी पॅरिसमध्ये सौंदर्यासाठी नावाजलेली होती. तिच्या साड्या पाहून एल्साने पदर डोक्यावरून आणि खांद्यावरून घेतलेले पोशाख काढले. आणि १९३७ मध्ये अत्तराबरोबर तिचा तो प्रसिद्ध रंग आला, शॉकिंग पिंक. प्रदर्शनाच्या दालनात तो रंग दिसताच मी मोठ्याने म्हणाले, "अगं, हा तर राणी कलर! माझ्या लग्नातला शालू या रंगाचा होता." शेजारच्या दोन फ्रेंच बायकांनी वळून पाहिले. बाईंनी या रंगाविषयी आत्मचरित्रात लिहिले आहे, की हा चीनचा आणि पेरूचा रंग आहे, पाश्चात्यांचा नव्हे. चीन आठवला, पेरू आठवला, आणि आमच्या येवल्याचे काय? असो.

आता दागिन्यांकडे येऊ, कारण बेबीला मला तेच दाखवायचे होते.

दागिना म्हटले की आपला पहिला प्रश्न, किती तोळ्यांचा? त्या हिशेबाने एल्साबाईंच्या कारखान्यातला माल सगळा खोटा. काच, पत्रा, चिनी माती, लाकूड, केस, पिसे. आणि तिने स्वतः पक्कड हातात धरून काही केले असेही नाही. पण माणसे हेरण्यात तिचा हात धरणारा कोणी नव्हता. एल्सा त्रिओले ही रशियाहून आलेली बाई, घरात खायला नाही, म्हणून मिळेल त्या वस्तूंचे हार करी. एका हारातले चिनी मातीचे मणी हुबेहूब ॲस्पिरीनच्या गोळ्या. तिचा नवरा कवी लुई आरागाँ सकाळी नमुन्यांची पेटी घेऊन व्यापाऱ्यांची दारे झिजवी. हे हार स्कियापारेलीने घेतले. याच त्रिओलेबाईंना पुढे १९४४ सालचे गाँकूर पारितोषिक मिळाले, ते मिळवणारी पहिली स्त्री. मेरे ओपेनहाइम या तरुण मुलीने कड्यावर जनावराची लव चिकटवली, तीही हिनेच विकत घेतली. तेच कडे हातात असताना पिकासोशी थट्टा झाली आणि त्यातून ओपेनहाइमचा तो केसाळ कपबशीचा प्रसिद्ध नमुना जन्माला आला. जाँ श्लुंबर्जे हा आल्सासचा पोरगा जुन्या बाजारातल्या चिनी मातीच्या फुलांच्या टाचण्या करीत असे. त्याला तिने बटणे करायला बसवले. तो पुढे न्यूयॉर्कच्या टिफनीकडे गेला आणि खऱ्या हिऱ्यामाणकांचा मोठा कारागीर झाला.

आणि बटणे तर काय विचारता! गोल, चार भोकांचे बटण तिच्या दुकानात औषधाला मिळाले नसते. १९३८ मध्ये तिने सर्कशीवर सगळा संग्रह काढला, त्यातल्या एका गुलाबी जाकिटाला समोरून उड्या मारणारे डोंबारी बटणे म्हणून लावलेले आहेत. त्याच वर्षीच्या एका गळ्यातल्यात पारदर्शक पट्टीवर धातूचे किडे बसवले आहेत. घातले की पट्टी दिसत नाही, किडे उघड्या गळ्यावर चालताना दिसतात. मला ते पाहून अंगावर झुरळ चढल्यासारखे झाले.

सगळेच मला आवडले असे नाही, हे सांगितले पाहिजे. साल्व्हादोर दाली या चित्रकाराच्या संगतीने तिने १९३७ मध्ये पांढऱ्या झग्यावर लालभडक शेवंड काढली, भोवती कोथिंबिरीसारखा पाला, आणि तो झगा घेतला कोणी, तर इंग्लंडच्या राजाने जिच्यासाठी गादी सोडली त्या वॉलिस सिंप्सनबाईंनी. असला झगा घालून आमच्याकडच्या मालवणी मंडळींत कोणी गेली तर लोक हातात वाटी घेऊन मागे लागतील. डोक्यावर उलटे पायताण ठेवल्यासारखी टोपीही मला पटली नाही. पण त्याच दालीबरोबर केलेला १९३८ चा एक पोशाख आहे. फिकट कापडावर जागोजाग फाटल्याच्या चिरा रंगवलेल्या, आणि डोक्यावरच्या ओढणीवर खऱ्याच चिरा. स्पेनमध्ये यादवी चालली होती, युरोपवर पुढे काय येणार ते दिसू लागले होते. त्या झग्याचे चित्र मी एकदाच पाहिले. पुन्हा पान उलटले नाही.

प्रतिस्पर्धी कोको शानेल तिचे नावही घेत नसे. ती कपडे करणारी इटालियन कलावंतीण, असे काहीसे म्हणे. नागरिकत्वाचा कागद मिळाला, 'टाइम'वर चित्र आले, पण शानेलबाईंच्या तोंडी ती इटालियनच राहिली.

युद्धात ती अमेरिकेला गेली, रुग्णालयात परिचारिकांच्या मदतनीसाचे काम केले, १९४५ मध्ये परतली. पण आता जग बदलले होते. दियोरच्या घेरदार, कंबरेत आवळलेल्या घागऱ्यांचा काळ आला. १९५४ च्या फेब्रुवारीत शानेलने दुकान पुन्हा उघडले, आणि त्याच वर्षाअखेर स्कियापारेलीने आपले बंद केले. आत्मचरित्र लिहिले. त्यात ती मध्येच 'मी' म्हणते आणि मध्येच स्वतःला 'स्कियाप' म्हणून तिऱ्हाइतासारखे संबोधते. १३ नोव्हेंबर १९७३ ला ती पॅरिसलाच वारली. राधाच्या, म्हणजे गोगोच्या पायांवर वर्षानुवर्षे उपचार चालले. ती चालू लागली, लग्न झाले, दोन मुली झाल्या. त्यांतली मारिसा बेरेन्सन नामांकित नटी.

पाऊस थांबला नव्हता. एका छत्रीखाली आम्ही दोघी व्हान्दोम चौकापर्यंत चालत गेलो. तो खांब, त्यावरचा नेपोलियन, भोवती जवाहिऱ्यांची दुकाने, आणि एकवीस क्रमांकाच्या दारावर पुन्हा तेच नाव. २००७ मध्ये कुणा इटालियन उद्योगपतीने ते नाव विकत घेतले आणि काही वर्षांनी दुकान त्याच जागी परत सुरू केले. आत जायचे माझे धाडस झाले नाही, ओले जोडे होते.

तिथे उभ्या उभ्या बेबी म्हणाली, "मावशी, मी त्या वाट्या विकल्या असत्या तर आई काही म्हणाली नसती. पेटीत बंद करून ठेवल्या असत्या तरी नसती म्हणाली. मी त्या कानात घातल्या, हे तिला सहन झाले नाही."

ताईने पाठ करून दिलेल्या वाक्यांत याला उत्तर नव्हते. मी म्हटले, "चल, पोरीची शाळा सुटेल."

राहिलेल्या दहा दिवसांत मी काळे मणी ओवले. मला भरतकाम येते, ओवणे काय अवघड! लक्ष्मीपूजन त्याच टेबलावर केले, मण्यांचे डबे बाजूला सारून, आणि तिच्या सहा वर्षांच्या लेकीने पणत्यांऐवजी रांगोळीत काचमणी मांडले. रविवारी मी बाजारात तिच्या शेजारी स्टुलावर बसले. एका म्हाताऱ्या फ्रेंच बाईने काळ्या मण्यांचा सर हातात घेऊन विचारले, हे तुमच्याकडे कोण घालते? बेबीने तिला सविस्तर सांगितले. मला भाषा कळली नाही, पण ती बराच वेळ सांगत होती, आणि ती बाई तेवढाच वेळ ऐकत होती. शेवटी तिने दोन सर घेतले.

मी एकटीच परत आले. विमानतळावरून ताईला फोन केला. तिने पहिल्यांदा विचारले, "आली का?" मी नाही म्हटले. दुसऱ्यांदा तिने काही विचारले नाही. बेबीने तिच्यासाठी दिलेली डबी मी तिच्या हातात ठेवली. आत डूलच होते, काळे मणी आणि मधोमध राणी रंगाचा एकेक काचमणी, वाट्या नव्हत्या. ताईने डबी उघडली, मिटली आणि कपाटात साड्यांच्या खाली सारली. त्यावर आमचे बोलणे झाले नाही. पुढच्या दिवाळीला झाले नाही, त्याच्या पुढच्याही दिवाळीला नाही.

परवा शिंप्याच्या दारात आम्ही दोघी तासभर बसलो होतो. उद्या संध्याकाळी, असे तो आम्हाला तिसऱ्यांदा सांगत होता. तेवढ्यात ताईने पिशवीतून ब्लाउजपीस काढले, माझ्यापुढे धरले आणि आवाज खाली आणून विचारले,

"अगं, बेबीच्या त्या डुलांतला रंग साधारण असाच आहे ना? की थोडा गडद?"